सत्ता गेली, सीमा राहिली

फ्रेडरिक्टन शहर मागे टाकून सेंट जॉन नदीच्या डाव्या काठाने खाली निघालं, की रस्ता नदीची सोबत सोडत नाही. उजव्या हाताला रुंद, संथ पाणी. रस्त्यालगत एका रांगेत घरं, घरांमागे बटाट्याची, मक्याची, भाजीपाल्याची शेतं आणि शेतांच्या मागे उतरत गेलेली दलदल. नदीपलीकडे ओरोमोक्टो गाव दिसतं. हा मेजरव्हिल पॅरिश. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यू ब्रन्सविक नावाचा प्रांत आहे, त्यातल्या सनबरी काउंटीचा हा एक भाग. वस्ती दोन हजारांच्या आसपास. जोशुआ मेजर नावाच्या व्यापाऱ्यावरून पडलेलं हे नाव कागदावर वेगळ्या स्पेलिंगने लिहितात, पण स्थानिक लोक उच्चार मात्र मेजरव्हिल असाच करतात.

पॅरिश म्हटलं की वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकाला चर्च आणि त्याचा धर्मग्राम आठवेल. न्यू ब्रन्सविकमधला पॅरिश तसा नाही. तिथे तो जमिनीचा एक आखलेला तुकडा आहे. प्रांतात १५ काउंट्या आणि त्यांच्या पोटात १५२ पॅरिश आहेत. आपल्याकडे खरेदीखतावर ‘मौजे अमुक’ असं लिहिलेलं असतं आणि ते मौजे ज्या ग्रामपंचायतीत मोडतं तिची हद्द पुष्कळदा वेगळी असते; महसुली गाव आणि कारभाराचं गाव या दोन निराळ्या गोष्टी असतात. मेजरव्हिल आज त्या अर्थाने निव्वळ ‘मौजे’ आहे. त्याला सभा नाही, सरपंच नाही, कर बसवण्याचा अधिकार नाही. तरीही गेली सव्वादोनशेहून अधिक वर्षं त्याचं नाव कायद्यात टिकून आहे. या तुकड्याची आखणी कुणी केली, त्याला अधिकार कुणी दिले आणि कुणी काढून घेतले, हे पाहू लागलं की कॅनडाच्या ग्रामीण कारभाराचा बराचसा इतिहास हाती लागतो. मात्र सुरुवात नदीपासूनच करावी लागते.

सेंट जॉन नदी ६७३ किलोमीटर लांब आहे. तिचं खोरं अमेरिकेतल्या मेन राज्यात, क्वेबेकमध्ये आणि न्यू ब्रन्सविकमध्ये पसरलेलं आहे. हिवाळ्यात या सगळ्या प्रदेशावर साचलेलं बर्फ एप्रिल-मे महिन्यांत वितळतं आणि ते सारं पाणी एकाच वाटेने खाली येतं. त्यात नदीचा खालचा टप्पा अगदी सपाट आहे. फ्रेडरिक्टन समुद्रापासून सुमारे १३० किलोमीटर आत असूनही समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम काही मीटर उंच आहे. नदी जिथे फंडीच्या उपसागराला मिळते तिथे खडकांमधली एक अरुंद घळ आहे. फंडीची भरती जगातल्या सर्वांत उंच भरत्यांपैकी. सेंट जॉन शहरापाशी भरती-ओहोटीतला फरक आठ मीटरपर्यंत जातो. भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी घळीतून उलटं नदीत शिरतं. म्हणजे वरून पुराचा लोंढा येतो आणि खाली दार अरुंद, तेही दिवसातून दोनदा उलट दिशेने ढकललं जाणारं. मधल्या सखल पट्ट्यात पाणी पसरल्याशिवाय राहत नाही, आणि मेजरव्हिल नेमकं त्या पट्ट्यात आहे. वरच्या बाजूला १९६८ साली मॅक्टाक्वॅकचं धरण झालं, पण ते येणाऱ्या पाण्यावर वीज करणारं धरण आहे. वसंतातला पूर साठवून ठेवण्याइतकी जागा त्याच्यात नाही.

पूर दरवर्षी येतो आणि गाळ ठेवून जातो. कृष्णाकाठच्या माणसाला मळईच्या जमिनीचं मोल सांगावं लागत नाही. इथेही तीच कथा. पण या जमिनीचा उतार समजून घेतला नाही तर पॅरिशचा नकाशा कळत नाही. पूर काठ ओलांडतो तेव्हा पाण्याचा वेग एकदम मंदावतो आणि जाड, जड गाळ काठाजवळच बसतो. बारीक गाळ तेवढा दूरवर जातो. शेकडो वर्षं हे होत राहिलं, की नदीलगतची जमीनच सगळ्यांत उंच होते आणि नदीपासून जसं दूर जावं तशी जमीन खोल जाते. म्हणून मेजरव्हिलची घरं आणि रस्ता अगदी नदीकाठाला आहेत. परक्या माणसाला तो अविचार वाटेल, पण त्या पट्ट्यात उंच जागा तीच. मागच्या खोलगट भागातून पोर्टोबेलो नावाचा ओढा पूर्वेकडच्या तळ्यांच्या दिशेने वाहतो. पूर आला की घरांच्या मागून पाणी चढतं, समोरून नदी चढते आणि रस्त्याची ती कड मध्ये उरते. पोर्टोबेलोच्या काठची पाणथळ जमीन आणि मेपलची जंगलं आज राष्ट्रीय वन्यजीव क्षेत्र म्हणून राखलेली आहेत. बदकांची तिथे मोठी वीण असते. त्याच्याही पलीकडे पॅरिश ईशान्येला घनदाट जंगलात दूरवर जातो. तिकडची नूनन ही वस्ती फ्रेडरिक्टनहून मिंटोला जाणाऱ्या रस्त्यावर आहे आणि तिचा नदीशी रोजचा संबंध नाही.

या पाण्यावर पहिला हक्क वोलास्तोकियिक लोकांचा. नदीला ते वोलास्तोक म्हणतात आणि स्वतःला तिचे लोक. पूर ओसरल्यावर मे महिन्यात गाळाच्या जमिनीतून नेच्याचे गुंडाळलेले कोवळे कोंभ वर येतात. ते खुडून खाण्याची रीत त्यांची, आणि पुढे आलेल्या प्रत्येकाने ती उचलली. ‘फिडलहेड’ ही भाजी आज न्यू ब्रन्सविकची ओळख मानली जाते. त्यांच्यामागून अकेडियन, म्हणजे फ्रेंच बोलणारे शेतकरी इथे आले. १७५९ साली ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या तुकडीने आजच्या फ्रेडरिक्टनच्या जागी असलेलं त्यांचं सेंट अ‍ॅन हे गाव जाळलं. फ्रेंचांची सत्ता संपली आणि हा प्रदेश तेव्हा ज्यात मोडत होता त्या नोव्हा स्कोशियाच्या ब्रिटिश गव्हर्नरने न्यू इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांना वसाहतीचं आमंत्रण दिलं.

मॅसॅच्युसेट्समधून कॅप्टन फ्रान्सिस पीबडीच्या पुढाकाराने आलेल्या मंडळींनी १७६२ मध्ये आधी सेंट अ‍ॅनच्या जागीच मोजणी सुरू केली होती. वोलास्तोकियिकांनी त्यांना अडवलं आणि तिथून खाली जायला सांगितलं. मग सर्वेक्षकांनी खालच्या मळईवर साखळ्या टाकल्या. मेजरव्हिलची जागा पहिल्यांदा ठरली ती अशी, मूळ लोकांच्या नकारामुळे. इंग्रजी कागदपत्रांत हा प्रसंग एखाद्या ओळीत उरकलेला असतो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पुढच्या दोन शतकांत ज्यांना कुणी काही विचारलं नाही, त्यांचा शब्द त्या वेळी चालला होता.

लगेच दुसरं संकट आलं. लंडनने ही जमीन सेवेतून मोकळ्या झालेल्या सैनिकांसाठी राखायचं ठरवलं होतं आणि वस्तीवाल्यांना उठण्याचा हुकूम झाला. त्यांनी अर्ज केला. लंडनमधला नोव्हा स्कोशियाचा मुखत्यार जोशुआ मेजर याने तो पुढे रेटला आणि १७६३ मध्ये राहण्याची परवानगी मिळाली. ३१ ऑक्टोबर १७६५ रोजी जमिनीची सनद झाली आणि उपकाराची फेड म्हणून टाउनशिपला, म्हणजे वसाहतीसाठी आखून दिलेल्या या जमिनीला, मेजरचं नाव पडलं. हा मेजर जर्सी बेटावरचा. हॅलिफॅक्समध्ये त्याने रम गाळून आणि जहाजं चालवून अमाप पैसा केला. १७५२ साली हॅलिफॅक्सच्या वर्तमानपत्रात त्याने गुलाम विकायला काढल्याची जाहिरात आहे. नकाशावरच्या नावामागचा माणूस असाही होता, हे सांगायला हवं.

सनद झाली त्याच वर्षी, १७६५ मध्ये, सनबरी काउंटी तयार झाली. आजच्या न्यू ब्रन्सविकचा बहुतेक भाग तेव्हा तिच्या पोटात होता आणि त्या अफाट काउंटीतली सांगण्याजोगी शेतकरी वसाहत ही एकच. जमिनीचे तुकडे नदीला काटकोनात पाडले गेले. नदीवर तोंड अरुंद आणि मागे लांबच लांब पट्टा, म्हणजे प्रत्येक घराला काठाची उंच जागा, मळईचं शेत, चाऱ्याचं कुरण आणि जळणासाठी जंगल हे चारही मिळावं. रस्ते नव्हते, त्यामुळे प्रत्येकाचं दार नदीवर उघडणं गरजेचं होतं. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून घसरगाडी.

न्यू इंग्लंडच्या लोकांनी जमिनीबरोबर कारभाराची आपली सवयही आणली होती. गावाने सभा भरवायची, प्रश्न मांडायचा, हात वर करून ठरवायचं. चर्चही त्यांचं काँग्रिगेशनल पंथाचं, म्हणजे सभासदांनी स्वतः चालवलेलं. त्याचा पाद्री सेथ नोबल. १७७६ च्या मे महिन्यात, खाली मॅसॅच्युसेट्समध्ये बंड पेटलेलं असताना, मेजरव्हिलच्या प्रार्थनागृहात सभा भरली आणि तिने उघडपणे ब्रिटिश राजाविरुद्ध, मॅसॅच्युसेट्सच्या बाजूने ठराव केला. त्यावर १२५ जणांनी सह्या केल्या. नकार देणारे डझनभर. त्या शरद ऋतूत बंडखोरांच्या बाजूच्या जोनाथन एडीने ब्रिटिशांच्या फोर्ट कंबरलँड या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा इथले सुमारे पंचवीस लोक त्याच्यासोबत होते. वेढा फसला. पुढच्या वर्षी ब्रिटिश अधिकारी नदीने वर आले आणि गावाने राजनिष्ठेची शपथ घेतली. सेथ नोबल मेनमध्ये पळाला. तिथल्या बँगॉर शहराला ते नाव त्याच्या आवडत्या स्तोत्राच्या चालीवरून त्यानेच दिलं, असं सांगतात.

मेजरव्हिलचं टाउनशिपपण त्या ठरावाने धोक्यात आलं, असं मला वाटतं. १७८३ मध्ये अमेरिकेतून हाकलले गेलेले राजनिष्ठ हजारोंनी या नदीकाठी उतरले. १७८४ मध्ये त्यांच्यासाठी नोव्हा स्कोशियाचा तुकडा पाडून न्यू ब्रन्सविक हा वेगळा प्रांत केला गेला आणि थॉमस कार्लटन गव्हर्नर झाला. ज्यांनी गावसभांतून सुरू झालेल्या क्रांतीत घरदार गमावलं होतं, त्यांना गावसभा नकोच होत्या. नव्या प्रांताने आधी आठ काउंट्या केल्या आणि १७८६ मध्ये कायदा करून त्यांचे पॅरिश पाडले. सनबरीला चार मिळाले: मेजरव्हिल, शेफील्ड, बर्टन आणि लिंकन. जुन्या टाउनशिपचा खालचा भाग शेफील्डकडे गेला. पॅरिश हा शब्द इंग्लंडमधून आला. चर्च ऑफ इंग्लंडला प्रांताचा अधिकृत धर्म मानलं होतं आणि जमिनीची वाटणी त्याच्या साच्यात बसवली गेली.

जुन्या मंडळींना हा बदल सर्वांत आधी चर्चच्या रूपाने जाणवला. त्यांचं प्रार्थनागृह ज्या सार्वजनिक जागेवर होतं तिच्यावर अँग्लिकन मंडळींनी हक्क सांगितला. तेव्हा १७८९ च्या सुमारास त्यांनी ती लाकडी इमारतच पायावरून उचलली आणि हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून, बैल जुंपून, सुमारे पाच मैल खाली शेफील्डला ओढत नेली. पुढे तिथे बांधलेल्या नव्या चर्चमध्ये तिचं लाकूड वापरलं गेलं. जमीन गेली तरी मंडळी मोडली नाही, यातला त्यांचा कणखरपणा मनाला भिडतो.

कारभार मात्र आता वरून होऊ लागला. पॅरिशचे अधिकारी निवडून येत नसत. काउंटीचे न्यायाधीश वर्षातून ठरावीक वेळा बसत आणि त्यांच्या नेमणुका करत. या न्यायाधीशांची नेमणूक गव्हर्नर करी. यादी वाचण्यासारखी आहे. कारकून, शिपाई, कर आकारणारे आणि गोळा करणारे, रस्त्यांवर देखरेख ठेवणारे, कुंपणं तपासणारे, मोकाट डुकरांचा बंदोबस्त करणारे, कोंडवाड्याचा राखणदार, इमारती लाकूड मोजणारे. दर वसंतात जिथे पूर कुंपणं वाहून नेतो आणि कुणाची गुरं कुणाच्या पिकात शिरतील याचा नेम नाही, तिथे कुंपण तपासणाऱ्याचा शब्द शेजाऱ्यांमधली भांडणं मिटवत असे. रस्त्यांचं काम लोकांनी स्वतः राबून करायचं. ठरलेले दिवस अंगमेहनत, नाहीतर तिच्याबदली पैसे.

या यादीत एक पद होतं गरिबांच्या देखरेखीचं. निराधार माणसाचा भार त्याच्या पॅरिशवर असे. न्यू ब्रन्सविकच्या ग्रामीण पॅरिशांत एकोणिसाव्या शतकात या माणसांचा लिलाव होई: वर्षभर पोसायला जो सर्वांत कमी पैसे मागेल त्याच्या घरी त्याला पाठवायचं. म्हातारी, अपंग, अनाथ मुलं यांना या बोलीतून जावं लागलं. पॅरिशचा खर्च शेजाऱ्यांच्याच खिशातून येत होता आणि तो कमी ठेवण्याची घाई माणुसकीच्या वरचढ ठरत होती. छोट्या, गरीब घटकावर मोठी जबाबदारी टाकली की काय होतं, त्याचा हा सर्वांत कठोर नमुना आहे. पुढे १९६७ मध्ये जे घडलं त्याची मुळं इथे आहेत.

दरम्यान सनबरीत आणखी तीन पॅरिश झाले: १८३४ मध्ये ब्लिसव्हिल, १८५७ मध्ये शेफील्डमधून नॉर्थफील्ड आणि १८७४ मध्ये ग्लॅडस्टन. १८७७ च्या कायद्याने सगळ्या काउंट्यांना निवडून आलेली परिषद सक्तीची केली आणि तिथे पॅरिश हा मतदारसंघ झाला. प्रत्येक पॅरिश आपले सभासद काउंटीच्या परिषदेवर पाठवू लागला. नव्वद वर्षं हे चाललं.

१९६० साली लुई रोबिशो प्रांताचे पंतप्रधान झाले. त्या पदावर निवडून आलेले ते पहिले अकेडियन. शाळा, दवाखाने, गरिबांची मदत यांचा खर्च तेव्हा काउंट्या स्थानिक करातून करत. श्रीमंत काउंटीला चांगली शाळा, गरीब काउंटीला पडकी. आणि गरीब काउंट्यांमध्ये फ्रेंच भाषक उत्तरेकडच्या बऱ्याच. एडवर्ड बर्न यांच्या आयोगाचा अहवाल १९६३ मध्ये आला आणि त्यावर आधारलेल्या ‘समान संधी’ योजनेतून १ जानेवारी १९६७ रोजी काउंटी परिषदा बरखास्त झाल्या. शिक्षण, आरोग्य, न्याय आणि समाजकल्याण प्रांताने आपल्याकडे घेतलं. या बदलाला त्या वेळी फार कडवा विरोध झाला. माझ्या मते तो बदल न्याय्य होता. मेजरव्हिलच्या मुलाची शाळा मेजरव्हिलच्या बटाट्याच्या भावावर अवलंबून राहणं बंद झालं.

पण परिषद गेल्यावर पॅरिशच्या हाती काहीच उरलं नाही. शहरं आणि गावं यांना आपापल्या नगरपालिका होत्या. बाकी ग्रामीण भागात ‘स्थानिक सेवा जिल्हे’ नेमले गेले. अग्निशमन, कचरा, दिवाबत्ती यांचा दर मंत्री ठरवत आणि गावकऱ्यांची समिती असली तरी ती फक्त सल्ला देई. प्रांतातल्या सुमारे ३० टक्के लोकांना पन्नासहून अधिक वर्षं आपल्या गावासाठी निर्णय घेणारा एकही प्रतिनिधी निवडता आला नाही. १७७६ मध्ये ज्या पॅरिशमध्ये हात वर करून राजाविरुद्ध ठराव झाला होता, तिथे आता एखादा दिवा कुठे लावायचा यावरही कुणाचं मत बंधनकारक नव्हतं. समानतेसाठी सत्ता वर नेणं गरजेचं होतं. पण खाली काहीच न ठेवणं ही या सुधारणेतली मोठी उणीव होती.

ती काही अंशी भरून काढायला १ जानेवारी २०२३ उजाडावं लागलं. त्या दिवशी सेवा जिल्हे रद्द झाले आणि ३४० स्थानिक घटकांची संख्या नव्वदच्या आसपास आली. बरेच ग्रामीण भाग नव्या किंवा वाढवलेल्या पालिकांमध्ये गेले. उरलेले बारा ग्रामीण जिल्ह्यांत बसवले गेले, एकेका प्रादेशिक सेवा आयोगाच्या क्षेत्रात एक, आणि त्यांचा कारभार प्रांताकडेच राहिला. या नव्या हद्दी पॅरिशच्या सीमा पाळत नाहीत. त्या रस्ते, बाजारपेठ आणि करदात्यांच्या संख्येवर बेतल्या आहेत.

आणि तरीही पॅरिश पुसला गेला नाही. प्रांताच्या प्रादेशिक विभागणीच्या कायद्यात प्रत्येक पॅरिशची चतुःसीमा शब्दांत लिहिलेली आहे. अमक्याला मिळालेल्या सनदेच्या खालच्या रेषेपासून, नदीच्या काठाने, तमक्याच्या तुकड्याच्या कोपऱ्यापर्यंत, अशी ती वर्णनं जुन्या सनदांना धरून चालतात. जमिनीचे दस्त काउंटी आणि पॅरिश सांगतात. जनगणनेचे आकडेही पॅरिशनुसार मोजले गेले आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद एका सलग चौकटीत मिळणं हे इतिहासाच्या अभ्यासकाला मोठं वरदान असतं; पालिकेच्या हद्दी बदलत राहतात, त्यांच्यावर अशी मांडणी करता येत नाही.

नदीने मात्र यातली कुठलीही रेषा मानली नाही. १९७३ चा पूर बरीच वर्षं मोजमापाचा दगड होता. मग २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं पाणी चढलं. फ्रेडरिक्टनला पुराची पातळी ६.५ मीटर मानतात. दोन्ही वर्षी पाणी ८ मीटरच्या वर गेलं आणि मेजरव्हिलचा रस्ता पाण्याखाली बंद झाला. २००१ पर्यंत हाच रस्ता कॅनडाचा आडवा राष्ट्रीय महामार्ग होता. अटलांटिक किनाऱ्याकडे जाणारे ट्रक या नदीकाठच्या दारांसमोरून धावत. त्या वर्षी नवा चौपदरी मार्ग नदीच्या दुसऱ्या बाजूला, उंच जमिनीवरून काढला गेला आणि जुन्याचा १०५ क्रमांकाचा स्थानिक रस्ता झाला. वाहतुकीचा गोंगाट गेला, रस्त्याकडेच्या काही धंद्यांचं गिऱ्हाईकही गेलं. भाजीची दुकानं टिकली, कारण माल मागच्याच शेतातला.

इथली घरं उंचवायची, हलवायची की सरकारने विकत घ्यायची, हा प्रश्न २०१९ नंतर पुन्हा पुन्हा पुढे आला आहे. काठाची जागा ही इथली सर्वांत उंच जागा आहे, हे त्याचं उत्तर कठीण करतं. मागे सरकायला मागे दलदल आहे.

जमीन मुळात कुणाची, हा प्रश्नही मिटलेला नाही. अठराव्या शतकात वोलास्तोकियिकांनी ब्रिटिशांशी शांतता आणि मैत्रीचे तह केले, पण त्यांत जमीन सोडून देण्याचं कलम नाही. १७६५ ची सनद त्यांना न विचारता दिली गेली. २०२० मध्ये सहा वोलास्तोकियिक समुदायांनी न्यू ब्रन्सविकच्या न्यायालयात मालकीहक्काचा दावा दाखल केला आणि २०२१ मध्ये तो वाढवून नदीच्या खोऱ्यासह प्रांताच्या निम्म्याहून अधिक भूभागापर्यंत नेला. वोलास्तोकच्या काठावरच्या प्रत्येक पॅरिशप्रमाणे मेजरव्हिलच्याही मळईचा आणि जंगलाचा इतिहास आता त्या न्यायालयापुढे आहे.